होडी ठरते वखारीतच!

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात लाकडाच्या वखारींना एक ठरावीक गिऱ्हाईक चांगलं ओळखीचं असतं. घराला कुंपण घालणारा माणूस येतो, थप्पीवरच्या दहा फळ्या उचलतो, पैसे देतो आणि गाडीवर लादून निघून जातो. हे गिऱ्हाईक मात्र थप्पीतली एकेक फळी बाहेर ओढतं. बंदुकीचा नेम धरावा तशी ती डोळ्यासमोर धरून तिची कड न्याहाळतं, उलटून दुसरी बाजू बघतं, टोकावरच्या रेषा मोजतं, हातात तोलून वजनाचा अंदाज घेतं. पन्नास फळ्या उपसून त्यातल्या पाच-सहाच बाजूला काढतं आणि बाकीची थप्पी होती तशी रचून ठेवतं. (न रचता गेलं तर पुढच्या खेपेला वखारवाला उभं करत नाही!) अनुभवी वखारवाल्याला विचारावं लागत नाही. हा माणूस होडी बांधायला निघालाय.

होडी म्हटलं की कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आंब्याचं अख्खं खोड कोरून केलेली डोणी येते, नाहीतर जाड फळ्या आतल्या फासळ्यांवर ठोकून केलेला मचवा. ही होडी त्या दोन्हींहून वेगळी. तिचं नाव स्ट्रिप बोट, म्हणजे पट्ट्यांची होडी. जेमतेम सहा मिलिमीटर जाड आणि पाऊण इंच रुंद अशा लाकडाच्या लांबलचक पट्ट्या एकीला एक चिकटवत जायच्या. फूट-फूट अंतरावर उभ्या केलेल्या साच्यांवरून त्या वाकवत न्यायच्या. सगळा सांगाडा पट्ट्यांनी झाकला गेला की घासून गुळगुळीत करायचा आणि आतून-बाहेरून काचेचं कापड पसरून त्यावर इपॉक्सी रेझिन चढवायचं. रेझिन मुरलं की ते पांढरं कापड काचेसारखं पारदर्शक होतं आणि आतलं लाकूड झळाळून दिसायला लागतं. साचे काढून घेतले की उरते ती अंड्याच्या कवचासारखी होडी. आत एकही फासळी नाही.

या प्रकारच्या होडीला कारागिरी लागते ती बोटांत, असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तिचं निम्मं भवितव्य पहिला खिळा ठोकायच्याही आधी ठरलेलं असतं. कुठलं लाकूड घेतलं, ते झाडाच्या कुठल्या भागातलं, किती वाळलेलं, कसं चिरलं यावर. हे चुकलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात, आणि या बाबतीत तो वाक्प्रचार अगदी शब्दशः खरा.

डोक्यावरून वाहायची नाव

ऑन्टॅरिओत हजारो तळी आहेत. १८९३ साली राखीव झालेल्या ॲल्गॉन्क्विन पार्कात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं तर मध्ये जंगलातली पायवाट लागते. कधी शंभर पावलांची, कधी दोन-तीन किलोमीटरची. त्या वाटेवर होडीनं माणसाला न्यायचं नसतं, माणसानं होडीला न्यायचं असतं. पाठीवर सामान आणि डोक्यावर उलटी केलेली कनू! कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हातातल्या वल्ह्यानं चालवायची उघडी नाव. सोळा-सतरा फुटांची पट्ट्यांची कनू नीट जमली तर वीस-पंचवीस किलोंत बसते. लाकूड निवडताना हात सैल सोडला तर तीच पस्तिशीला जाऊन टेकते. संध्याकाळी, पावसात, चिखलाच्या चढावर दहा किलो म्हणजे काय, ते ज्याच्या खांद्यावर असतात त्यालाच विचारावं.

तिथल्या मूळ रहिवाशांनी हा प्रश्न कितीतरी शतकं आधी सोडवला होता. पूर्वेकडच्या अल्गॉन्क्विन आणि ओजिब्वे लोकांच्या कनू बर्च झाडाच्या सालीच्या असत, आतून पांढऱ्या सीडरच्या पातळ चिपांचं अस्तर आणि फासळ्या. पश्चिमेला पॅसिफिक महासागराच्या काठावर हैडा आणि इतर जमाती लाल सीडरचं प्रचंड खोड कोरून समुद्रात जाणाऱ्या नावा बनवत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑन्टॅरिओतल्या पीटरबरो शहराच्या परिसरात गोऱ्या सुतारांनी सालीच्या जागी लाकडाच्या फळ्या आणि पट्ट्या वापरायला सुरुवात केली. पीटरबरोची कनू पुढे इतकी गाजली की आज कॅनडाचं कनू म्युझियम त्याच शहरात आहे आणि २०२४ साली त्याची नवी इमारत उघडली. फासळ्या पूर्णपणे गेल्या त्या काचेचं कापड आल्यावर. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शर्यतीच्या कनू बांधणाऱ्यांनी १९५० नंतरच्या काळात हे तंत्र घडवलं. ऑन्टॅरिओच्या टेड मूर्स यांचं ‘कनूक्राफ्ट’ हे पुस्तक १९८३ साली आलं आणि शाळामास्तरांपासून दंतवैद्यांपर्यंत कुणीही घरच्या गॅरेजमध्ये कनू बांधायला लागलं.

लाकूड मध्ये, काचेचं कापड दोन्ही बाजूंना हे तत्त्व आपल्याकडेही आलं आहे, तेही थेट भारतीय नौदलात. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या नौकांचं कवच अशाच सँडविचचं आहे, मध्ये लाकडाचा गाभा आणि दोन्हीकडे फायबरग्लास. ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून कुठेही न थांबता फेरी पुरी केली. ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या आणि २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच. बाहेरून या नौका प्लास्टिकच्या वाटतात. पोटात लाकूड आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

देवदार नव्हे, मोरपंखीचा भाऊबंद

या कामासाठी सगळ्यात नावाजलेलं लाकूड म्हणजे वेस्टर्न रेड सीडर. सीडर म्हटलं की आपल्याकडे देवदार असं भाषांतर करतात. पण खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार, आणि हा लाल सीडर त्याच्या कुळातलासुद्धा नाही. त्याचं नातं आहे ते अंगणातल्या मोरपंखीशी! शाळकरी मुलं ‘विद्या’ म्हणून ज्याची चपटी पानं वहीत जपून ठेवत आली, तीच मोरपंखी. फरक एवढाच की मोरपंखी कुंडीत मावते आणि हा तिचा भाऊबंद कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हजार वर्षं जगतो. व्हँकुव्हर बेटावरचा एक लाल सीडर सुमारे ५५ मीटर उंच आहे आणि त्याच्या बुंध्याचा घेर अठरा मीटरच्या आसपास.

हे लाकूड हलकं, सरळ रेषांचं, वाकवायला सोपं आणि रंध्याखाली लोण्यासारखं. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक द्रव्यं असतात, त्यामुळे ते सहसा कुजत नाही. एक घनमीटर वाळलेल्या सीडरचं वजन साधारण ३७० किलो भरतं. सागाचं साडेसहाशेच्या आसपास.

इथे मराठी वाचक विचारणारच, मग साग का नाही? सागाची थोरवी कोण नाकारतो! मुंबईच्या गोदीत मलबारी सागातून १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश नौदलाचं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. पण जहाजाला जे साजतं ते डोक्यावरून वाहायच्या होडीला साजेलच असं नाही. सोळा फुटी कनूच्या कवचाला अदमासे ०.०३ घनमीटर लाकूड लागतं. म्हणजे सीडरचं असेल तर अकरा किलो, सागाचं असेल तर एकोणीस-वीस. त्यावर रेझिन आणि काचेचं वजन वेगळं. शिवाय सागात तेल असतं. जे तेल सागाला वाळवी आणि पाण्यापासून राखतं, तेच इपॉक्सीला नीट चिकटू देत नाही. या होडीची सगळी ताकद लाकूड आणि काच एकमेकांना घट्ट धरून राहण्यात असल्यानं साग इथे बाद.

सीडर नाहीच मिळालं तर पांढरा सीडर, ईस्टर्न व्हाइट पाइन, सिट्का स्प्रूस, अलास्काचा पिवळा सीडर यांपैकी कुठलंही चालतं. पांढरा सीडर तर लाल सीडरहूनही थोडा हलका, पण झाड लहान आणि गाठी फार. वरच्या काठाला मात्र चिवट लाकूड हवं, दगडावर आपटणारं. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या ॲश वापरत आले. २००२ साली डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा सापडला आणि तेव्हापासून त्यानं उत्तर अमेरिकेतली कोट्यवधी ॲशची झाडं मारली. आता काठासाठी बरेच जण चेरी किंवा स्प्रूसकडे वळतात.

स्वस्त फळी, उत्तम पट्टी

वखारीत पारख सुरू होते ती फळीच्या टोकाकडून. टोकावर झाडाच्या वर्षांच्या रेषा दिसतात. काही फळ्यांत त्या आडव्या, पसरट कमानीसारख्या असतात. काहींत वहीच्या रेघा उभ्या धराव्यात तशा सरळ उभ्या. उभ्या रेषांची फळी वाकडी होत नाही, दिसते सुरेख, म्हणून दारं-खिडक्या करणारे तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. होडी बांधायला निघालेला नवखा माणूसही, भारी तेच चांगलं असं समजून, तीच उचलतो.

आणि इथेच फसतो! कारण होडीत फळी जात नाही, फळीच्या कडेवरून कापलेली पट्टी जाते. दोन थरांची बर्फी डोळ्यांसमोर आणावी. ताटात असताना तिचे थर आडवे असतात. तिची पातळ चकती कापून कुशीवर आडवी केली की तेच थर उभे दिसतात. फळीचंही तसंच. आडव्या रेषांच्या स्वस्त फळीच्या कडेवरून सहा मिलिमीटरची पट्टी काढली आणि कुशीवर वळवली की तिच्या रुंद अंगावर उभ्या रेषा मिळतात. उभ्या रेषांच्या महाग फळीतून मात्र पट्टी निघते ती आडव्या, पसरट रेषांची.

पट्टीला उभ्या रेषाच हव्यात याला कारण आहे. झाड वसंतात भराभर वाढतं तेव्हाचं लाकूड मऊ असतं आणि उन्हाळा सरताना वाढतं ते कडक. रेषा पसरट असतील तर घासताना मऊ भाग खोल जातो, कडक भाग वर राहतो, पृष्ठभाग लाटांचा होतो. उभ्या रेषांत मऊ-कडक एकाआड एक बारीक येतात, सगळं सारखं घासलं जातं. शिवाय दमट हवेत लाकूड फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेनं कमी आणि रेषांच्या कडेनं जास्त. लाल सीडरमध्ये हे प्रमाण जवळजवळ एकास दोन असतं. उभ्या रेषांची पट्टी रुंदीत निम्मीच फुगते-आक्रसते. अंगावरचं काचेचं कवच तिला जास्त काळ साथ देतं.

टोक पाहून झालं की कड बघायची. रेषा फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर धावायला हव्यात. मध्येच तिरक्या होऊन कडेबाहेर निघून गेल्या तर त्या जागी पट्टी वाकवताना काडकन मोडते. डोळ्यांवर भरवसा नसेल तर टाकाऊ तुकड्यावर पटाशी ठेवून एक टोला हाणायचा. लाकूड खोटं बोलत नाही. चीर जिकडे जाते तीच रेषेची खरी दिशा. बाहेरच्या सालीकडचा पांढुरका पट्टा टाळायचा, कारण न कुजण्याचा गुण गाभ्यातल्या लाकडात आहे, त्या पट्ट्यात नाही. वजन मात्र हातानंच कळतं. एकाच थप्पीतल्या, एकाच मापाच्या दोन फळ्यांत हाताला जाणवेल इतका फरक असतो.

गाठ न पडलेलं लाकूड

आता गाठी. गाठ म्हणजे जिथे कधीकाळी फांदी होती ती जागा. पाऊण इंच रुंद पट्टीत अर्ध्या इंचाची गाठ आली तर पट्टी उरलीच किती? म्हणून होडीवाल्यांची मागणी एकच, बिनगाठीचं, सोळा-अठरा फूट लांब लाकूड द्या.

असं लाकूड झाडात येतं कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. तरुण झाडाला खालपासून फांद्या असतात. दाट जंगलात सावली वाढली की खालच्या फांद्या मरतात, गळून पडतात. त्या जखमांवर खोड हळूहळू नवं लाकूड चढवतं आणि त्यानंतर चढलेलं बाहेरचं लाकूड तेवढं बिनगाठीचं असतं. म्हणजे लांबच लांब निर्मळ फळी हवी तर झाड दोनशे, तीनशे, कधी पाचशे वर्षांचं लागतं. लागवड करून साठ-सत्तर वर्षांत तोडलेल्या झाडात ती मिळणं कठीण.

गॅरेजमध्ये निवांत होडी बांधणाऱ्या माणसाचा संबंध इथे एका मोठ्या भांडणाशी येतो. व्हँकुव्हर बेटावर क्लेओक्वॉट साउंड नावाचा भाग आहे. १९९३ च्या उन्हाळ्यात तिथली प्राचीन झाडं तोडू नयेत म्हणून लोक रस्त्यात बसले आणि आठशेहून अधिक जणांना अटक झाली. त्याच बेटावर फेअरी क्रीकला २०२१ साली पुन्हा तेच घडलं. तिथे अटकेचा आकडा अकराशेच्या वर गेला. दुसऱ्या बाजूला लाकूडतोडीवर पोट असलेली गावं आहेत, तोडीतला वाटा स्वतःच्या ताब्यात हवा म्हणणारे मूळ रहिवासीही आहेत. एका कनूला लागतं ते लाकूड या धंद्यात खिजगणतीतही नाही, हे खरं. पण निसर्गाच्या सहवासासाठी म्हणून होडी बांधायची आणि तिच्यासाठी पाचशे वर्षांचं झाड मागायचं, ही विसंगती अनेक होडीवाल्यांना टोचते. टोचायलाच हवी.

गंमत म्हणजे हा पेच सुटण्याची सोय या तंत्रातच आहे. कोरीव नावेला अख्खा बुंधा लागतो, जुन्या पद्धतीच्या होडीला रुंद, लांब फळी लागते. पट्टीला मात्र लांब लाकडाची गरजच नाही! आठ-दहा फुटांची स्वस्त, गाठींची फळी घ्यायची, पट्ट्या काढायच्या, गाठ आली की तेवढा तुकडा उडवायचा आणि दोन तुकड्यांची टोकं तिरकी कापून एकमेकांवर चिकटवायची. तिरकेपणा एकास आठ ठेवतात, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीला जवळजवळ पाच सेंटिमीटरचा सांधा. तो नीट बसला की पट्टी त्या जागी इतर कुठल्याही जागेसारखीच वाकते. एवढीच काळजी घ्यायची की शेजारशेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका रांगेत येऊ नयेत. वीटकाम करणारा गवंडी जे करतो तेच.

जुन्या लाकडाचाही शोध घेतात. पुण्यात-नाशकात वाडे पाडले की त्यातला जुना साग हातोहात जातो, तसंच तिकडे पाडलेल्या इमारतींतलं आणि लाकडी पाण्याच्या टाक्यांतलं सीडर, रेडवुड. शंभर वर्षं वाळलेलं, बिनगाठीचं, आणि त्यासाठी नव्यानं कुऱ्हाड चालत नाही. फक्त आत दडलेला एखादा खिळा करवतीचं पातं खातो, म्हणून आधी लोहचुंबक आणि धातू शोधणारं यंत्र फिरवून घ्यायचं.

स्वयंपाकघरातली परीक्षा

लाकूड घरी आलं म्हणून लगेच करवत चालवणारा पस्तावतो. फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या आडव्या काड्या घालून रचतात. काड्या एकावर एक सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळ्या थप्पीतच वाकतात. वर वजन ठेवायचं आणि काही आठवडे विसरून जायचं. घाण्यातलं लोणचं मुरायला ठेवावं तसं.

इपॉक्सीला आठ ते बारा टक्के ओलावा असलेलं लाकूड मानवतं. घरबांधणीचं लाकूड भट्टीत वाळवलेलं असलं तरी त्यात यापेक्षा बराच जास्त ओलावा असू शकतो. ओल्या लाकडावर काच चढवली तर ओल आत कोंडते आणि पहिल्या कडक उन्हात पट्ट्या आक्रसून आतल्या आत ताण घेतात. ओलावा मोजायचं यंत्र मिळतं, पण ते नसलं तरी काम स्वयंपाकघरात भागतं. फळीच्या मधल्या भागातला छोटा तुकडा काटेकोर तोलायचा, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर ठेवायचा, अधूनमधून तोलत राहायचं. वजन उतरायचं थांबलं की तुकडा पुरता सुकला. आधी ११२ ग्रॅम होता आणि आता १०० भरला, तर बारा ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ओलावा बारा टक्के. लाकूड तयार! ओव्हनमधून सीडरचा वास पुढे दोन दिवस येतो आणि त्यावरून घरात काय बोलणी खावी लागतात, ते ज्यानं त्यानं पाहावं.

करवतीखाली हिशेब वेगळाच असतो. साध्या जाड पात्याची चीर तीन मिलिमीटरची. पट्टी सहाची. म्हणजे दर दोन पट्ट्यांमागे एका पट्टीइतकं लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडतं! १४० मिलिमीटर रुंद फळीतून जाड पात्यानं पंधरा पट्ट्या निघतात. दीड मिलिमीटरचं पातळ पातं लावलं तर त्याच फळीतून अठरा. एका कनूला सत्तर-ऐंशी पट्ट्या लागतात, तेव्हा नुसत्या पात्याच्या निवडीत जवळजवळ एक अख्खी फळी वाचते. लाकूड निवडताना पै-पैचा विचार करणारी माणसं इथे बेफिकीर असतात, याचं नवल वाटतं.

चिरताना दोन माणसं हवीत. एकानं फळी ढकलायची, दुसऱ्यानं पलीकडे नुसता आधार द्यायचा, ओढायचं नाही. पाच मीटरची लवचीक पट्टी पात्याशी अडकली तर भाल्यासारखी मागे फेकली जाते, म्हणून फळीच्या मागे सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही. शेवटच्या काही पट्ट्या हातानं नव्हे, काठीनं ढकलायच्या. काही फळ्या चिरत असतानाच फाकतात किंवा मिटून पात्याला चिमटा काढतात. झाड उतारावर वाकडं वाढलेलं असलं की लाकडात असा ताण राहतो. तशी फळी निघाली तर हट्ट न करता बाजूला ठेवावी.

भुशाबद्दल तर घरातल्या मोठ्यांनी दटावूनच सांगायला हवं. लाल सीडरचा वास गोड, हवाहवासा. पण त्यात प्लायकॅटिक नावाचं आम्ल असतं आणि त्याच्या धुळीनं काही जणांना दमा जडतो. कॅनडाच्या सॉ मिलमधल्या कामगारांत हा विकार चांगला अभ्यासला गेला आहे. कधी वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग अचानक त्रास सुरू होतो. तोंडाला फडकं बांधून भागत नाही. नाकातोंडावर घट्ट बसणारा चांगला मास्क आणि भुसा खेचून घेणारं यंत्र हवं. गॅरेजचं दार घरात उघडत असेल तर ते बंद ठेवायचं, लहान मुलांना त्या वेळी आत फिरकू द्यायचं नाही.

पट्ट्या निघाल्या की त्यांच्या एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला तेवढ्याच मापाची खोबण पाडतात. खालच्या पट्टीच्या खोबणीत वरचीची गोलाई बसते, त्यामुळे होडीच्या पोटाच्या वळणावरही फट राहत नाही आणि खोबणीत सरस थांबतो. गोलाई आधी, खोबण नंतर. खोबणीच्या कडा कागदासारख्या पातळ असतात, आधी पाडली तर हाताळताना तुटतात.

मग उरतं ते सगळ्यात रमवणारं काम. लाल सीडर नाव असलं तरी त्याचा रंग गवतासारख्या पिवळटापासून चॉकलेटपर्यंत कुठलाही असतो, अनेकदा एकाच झाडात. ज्या क्रमानं पट्ट्या फळीतून निघाल्या त्याच क्रमानं त्यांना नंबर घालून ठेवलं, तर लगतच्या दोन पट्ट्या होडीच्या डाव्या-उजव्या बाजूंना समोरासमोर लावता येतात. दोन्ही कुशींवर सारखीच नक्षी उमटते. काही जण गडद पट्ट्यांची एकच रेघ काठाखालून फिरवतात. शहाणे लोक रंगाच्या मोहात पडून कमकुवत पट्टी मात्र पुढे आणत नाहीत. सगळ्यात सरळ, लांब, बिनसांध्याच्या दोन पट्ट्या निवडून वेगळ्या ठेवतात, कारण पहिली जोडी चुकली की तिच्यावर बसणारी प्रत्येक पट्टी चुकते. तिरक्या रेषांच्या, जराशा डागी पट्ट्या तळाच्या मधल्या सपाट भागासाठी, जिथे फारसं वाकायचं नसतं. आणि दहा-बारा पट्ट्या शिलकीत, कारण टोकाजवळच्या पिळात चार-पाच तरी मोडतातच.